‘ओवी’ बंदरातच राहिली

सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर आलो, तर वारा फिरला होता. कालपर्यंत दक्षिणेकडून येणारी ओलसर, आळसावलेली झुळूक कुठे गेली कोण जाणे. उत्तरेकडून कोरडा वारा सुटला होता आणि शेजाऱ्यांच्या पोर्चवरचा झेंडा उलट्या बाजूला फडफडत होता. अटलांटाजवळच्या या अल्फारेटात दिवाळीच्या सुमाराला हे असं होतंच. इथल्या लोकांना या दिवसांचं कौतुक ते पानांच्या रंगांसाठी. गाड्या काढून डोंगरात जातात. मी वारा कुठून येतोय ते बघतो, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

ही सवय मला एका हिवाळ्याने लावली. हिवाळा म्हणायचा तो कॅलेंडरपुरता, कारण अंगाला घाम आणि डासच असायचे. २००२च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत आम्ही तिघं, मी, माझी बायको वैशाली आणि नऊ वर्षांची आमची ईशा, फ्लोरिडाच्या खालच्या टोकाला असलेल्या बेटांच्या माळेतल्या एका बंदरात, शिडाच्या बोटीवर नांगर टाकून राहिलो. तिथून पुढे बहामाला जायचं होतं. संध्याकाळी निघालं तर सकाळी पोचावं एवढंच अंतर. आम्ही गेलो नाही. का गेलो नाही, या प्रश्नाला मी गेली पाच-सहा वर्षं सगळ्यांना एकच उत्तर देत आलो आहे, की वैशालीला समुद्र लागतो.

वैशालीला समुद्र लागत नाही. कधीच लागला नाही.

कॅलिफोर्नियात सांता क्लाराला मी ज्या कंपनीत होतो ती २००१ साली बसली. ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलं होतं, त्यामुळे देश सोडून जायची घाई नव्हती, आणि दुसरी नोकरी शोधायची इच्छा नव्हती. दुपारी पार्किंग लॉटमध्ये पुठ्ठ्याची खोकी घेऊन उभी असलेली माणसं मी रोज बघत होतो. एक दिवस त्यात मीही होतो. त्या रिकाम्या महिन्यांत मी शिडाच्या बोटींवरची मासिकं वाचायला लागलो. शनिवारी-रविवारी खाडीच्या निवांत पाण्यात शिकायलाही गेलो. मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्या घरातलं कोणी जन्मात कधी मचव्यात बसलेलं नव्हतं, समुद्र आम्ही पाहिला तो किनाऱ्यावर उभं राहून, भेळ खाताना. पण फ्लोरिडात बोट विकणाऱ्या माणसाला मी छाती पुढे काढून सांगितलं, माझी माणसं किनाऱ्यावरची आहेत. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं.

वैशाली नागपूरची. तिने लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. मी बोट घ्यायचं ठरवलं तेव्हा ती स्वयंपाकघरात पालक निवडत होती. ती म्हणाली, "तू मला विचारून नाही राहिला, सांगून राहिला आहे."

"तुझी इच्छा नसेल तर नको."

"इच्छेचं नाही म्हणत मी." तिने पालकाची जुडी उलटी करून झटकली. "कुकर न्यायचा. ईशाचा अभ्यास बुडवायचा नाही. आणि निघालो तर पोचायचं."

बोटीचं नाव तिनेच ठेवलं, ‘ओवी’. जुन्या खलाशांत बोटीचं नाव बदलणं अशुभ मानतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. ती म्हणाली, नवरी घरी आली की नाव बदलतात, त्याचं तर कोणाला काही वाटत नाही.

त्या बंदराची आठवण मला आधी वासाने येते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा, खारफुटीच्या मुळांचा वास. डिझेलचा. मिठाने चिकट झालेल्या उशांचा. आणि या सगळ्यावरून जाणारा, वैशालीच्या फोडणीचा. दोन बर्नरच्या हलत्या शेगडीवर ती कुकर लावायची. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या बोटीवरचा हॅल आपल्या छोट्या डिंगीतून घाईघाईने वल्हवत आला. हॅल आणि रूथ हे उत्तरेकडच्या मेन राज्यातून आलेलं साठीतलं जोडपं, दर हिवाळ्यात इथूनच बहामाला जायचं. हॅलने गंभीरपणे विचारलं, इंजिनला काही झालंय का. वैशालीने त्याला वरण-भात वाढला. तेव्हापासून शिट्टी झाली की आसपासच्या बोटींवरून कोणीतरी ओरडायचं, "डिनर ॲट ओवी!"

पाणी गावातून कॅनमध्ये भरून डिंगीने आणावं लागे. अमेरिकन माणसांना त्याचा मोठा जाच वाटायचा. आम्हाला नाही. बादलीभर पाण्यात तिघांच्या अंघोळी आणि उरलेल्यात रुमाल धुणं हे वैशालीच्या हाताला सवयीचं होतं. रूथने तिच्याकडून तांब्याने अंघोळ करायला शिकून घेतलं आणि मग ते बंदरभर पसरलं. कठड्याच्या तारांवर आमच्या ओढण्या आणि पंचे वाळत असायचे. ईशा त्यांच्या सावलीत बसून गणितं करायची, अधूनमधून खाली वाकून पाण्यात मॅनेटी आली का बघायची. मॅनेटी म्हणजे म्हशीएवढा, म्हशीसारखाच सुस्त, पाण्यात राहणारा प्राणी. "आई, इट हॅज आत्याज फेस," ती मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, कारण आत्या म्हणजे माझी बहीण.

सूर्य बुडताना बोटीबोटींवरून शंख वाजायचे. कोणाचा तरी पहिला आवाज निघायचा, मग दुसऱ्या टोकाहून उत्तर, मग सगळं बंदर. तिथे ती रीतच होती. आमच्याकडे देवघरातला शंख होता. वैशालीच्या माहेरी तो बायकांनी वाजवायचा नसे, म्हणून तिने तो कधी ओठाला लावलेला नव्हता. तिथे शिकली. पहिले काही दिवस नुसती हवा फुसफुसली आणि ईशा हसून लोळली. मग एका संध्याकाळी आवाज लागला. लांब, स्वच्छ, थोडा कापरा. वाजवून झाल्यावर ती लगेच खाली गेली नाही. शंख मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत बसली. मी तिला इतक्या वर्षांत असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

ती नागपूरला रसायनशास्त्र शिकवायची. अमेरिकेत आल्यावर माझ्या व्हिसामुळे तिला बरीच वर्षं घरी बसावं लागलं. बोटीवर तिच्या हातात पुन्हा एक विषय आला. दोर, गाठी, नकाशे, भरतीची वेळ. सगळं ती रूथकडून शिकत गेली, प्रश्न विचारून विचारून. वारा बदलला की तिला माझ्याआधी कळायचं. मी उपकरणाकडे बघायचो. ती म्हणायची, "मानेवर लागून राहिलं ना, उत्तरेचं आहे." बोट नांगरावर वेगळी वळली की झोपेतून उठून, नांगर सरकत नाही ना हे बघायला, साखळीवर हात ठेवून यायची. तेव्हा मला तिचं कौतुक वाटायचं, हे मी खरं सांगतो. जानेवारीत जे झालं त्यानंतर ते कौतुक मला बोचायला लागलं.

जानेवारीत आम्ही सरावासाठी बाहेर पडलो. बंदराबाहेर काही मैल उथळ, हिरवं पाणी आहे, मग प्रवाळाची रांग, आणि तिच्यापलीकडे समुद्राचा रंग एकदम बदलतो. शाईसारखा निळा होतो. तिथून गल्फ स्ट्रीम सुरू होतो, समुद्राच्या आतून उत्तरेकडे वाहणारी एक प्रचंड नदीच. बहामाला जायचं तर ती ओलांडावी लागते. उत्तरेचा वारा तिच्या अंगावर आला की लाटा उभ्या राहतात, म्हणून सगळे वारा दक्षिणेला वळायची वाट बघतात. त्या दिवशी वारा पूर्वेचा होता, फार नव्हता. आम्ही त्या निळ्याच्या कडेवर पोचलो आणि बाजूने एक लाट आली. मग दुसरी. बोट कलली, खाली कुठेतरी स्टीलची भांडी कोसळली. त्यात काहीच विशेष नव्हतं. बोटी कलतातच. पण माझ्या पायाखाली किती पाणी आहे हे माझ्या मनात आलं, आणि मग दुसरं काही येईना. सुकाणूचं चाक मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. फिरवता येईना आणि सोडताही येईना.

"मिलिंद, वळव."

मला ऐकू येत होतं.

"मिलिंद. सोड ते." तिने माझी बोटं चाकावरून सोडवली. लहान मुलाच्या मुठीतून खेळणं काढतात तशी. "खाली जाऊन पड. ईशा, तू इथे ये माझ्याजवळ. बाराचा पाढा म्हण."

"इंग्लिशमध्ये की मराठीत?"

"मराठीत. मोठ्याने."

मी खालच्या बाकावर उशीत तोंड खुपसून पडलो. ओकारी झाली, पण ओकारी हा त्यातला लहानसा भाग होता. वर ईशा ओरडून बाराचा पाढा म्हणत होती, बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव, आणि मध्ये मध्ये वैशालीचा आवाज येत होता, "तो दोर सैल कर… शाबास… पुढे म्हण." शीड लहान केल्याचं मला बोटीच्या हलण्यावरून कळलं. पाणी पुन्हा हिरवं झाल्याचं खिडकीतून दिसलं. तिने बोट बंदरात आणली, नांगर टाकला, इंजिन बंद केलं. मग खाली येऊन मला पाणी दिलं आणि भांडी गोळा केली. आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ती बहुधा मी बोलेन म्हणून थांबली होती. मी असं समजलो की ती विसरली.

त्यानंतर वारा वळायची वाट बघण्याचे दिवस आले. दर आठवड्याला थंड हवेची लाट उत्तरेहून खाली यायची. ती येण्याआधी वारा दक्षिणेला वळून मंदावायचा, आणि तेवढ्या दिवसा-दोन दिवसांच्या फटीत बोटी निघायच्या. मी मात्र प्रत्येक वेळी काहीतरी शोधून काढलं. एकदा बॅटरी नीट चार्ज होत नव्हती. एकदा ईशाला खोकला होता, तिच्या वयाच्या कोणत्याही मुलाला असतो तेवढाच. एकदा मी म्हटलं, हवामानाचा अंदाज देणाऱ्या दोघांचं एकमत नाही. नोकरीत नवं सॉफ्टवेअर बाजारात सोडायच्या आधी आम्ही मीटिंग घ्यायचो, जायचं की थांबायचं. तशा मीटिंग मी बोटीच्या टेबलावर घ्यायला लागलो. वैशाली आणि ईशा समोर बसायच्या. मी धोके सांगायचो आणि मीच निर्णय द्यायचो. बंदरातल्या बोटी बदलत गेल्या. नवे येत, काही दिवस राहत, निघून जात. आम्ही जुने झालो. नव्यांना पाणी कुठे मिळतं, सायकली कुठे ठेवायच्या, हे आम्ही सांगायला लागलो.

फेब्रुवारी संपताना अशी हवा आली की ज्यांच्याकडे काही कारण नव्हतं ते सगळे निघाले. समुद्र ताटात ओतलेल्या दुधासारखा. दक्षिणेची झुळूक, तीही दोन-तीन दिवस टिकणारी. हॅल आणि रूथ आमच्यासाठी म्हणून थांबले होते. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी बरोबर निघू. वैशालीने दिवसभरात दशम्या केल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. खालची सगळी भांडी फडक्यात गुंडाळून बांधली. कडधान्यांचे डबे चिकटपट्टीने बंद केले. उन्हं उतरल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातांना कणकेचा वास होता.

ती म्हणाली, "मला माहीत आहे तुला काय होतं ते."

मी दोराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिलो.

"तू खाली झोपून राहा. खरंच झोप. मी नेते. रूथची बोट पुढे आहेच. सकाळी उठशील तेव्हा पोचलेलो राहू."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती नुसती सोय सांगत होती, प्रवासात वरचा बर्थ कोणी घ्यायचा हे सांगावं तशी. आणि तिचा चेहरा उजळलेला होता. तिला जायचं होतं. बोटीचं वेड माझं होतं, पण त्या पाण्यापलीकडे खरोखर कोणाला जायचं असेल तर ते तिला. मला ते दिसलं, आणि मला ते सहन झालं नाही. बायकोने बोट हाकत न्यायची आणि मी खाली तोंड लपवून सामानासारखा पलीकडे पोचायचं. पलीकडे पोचल्यावर हॅल विचारणार, कशी काय झाली सफर, आणि ईशा सांगणार.

मी म्हटलं, "सकाळी बघू."

तिला ते हो वाटलं.

तिथे रोज सकाळी नऊला सगळ्या बोटी रेडिओवर एकत्र येत. कोणीतरी एक जण सगळ्यांना विचारायचा, नवीन कोण आलं, कोणाला काय हवं, आज निघतंय कोण. त्या दिवशी एकामागून एक नावं येत होती. मी माईक उचलला. वैशाली माझ्याकडे पाठ करून शेगडीपाशी उभी होती, चहा उकळत होता.

मी म्हणालो, "धिस इज ओवी. वी आर नॉट गोइंग. माय वाइफ गेट्स टेरिबली सीसिक. आय कान्ट पुट हर थ्रू इट."

मी आधीपासून असं ठरवलं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ठरवलं नव्हतं. पण वाक्य अडखळलंही नाही. बायकोच्या नावावर खपवायची वाक्यं आमच्या जिभेवर तयारच असतात. हिला बरं नाही, हिला आवडत नाही, हिला विचारावं लागेल. पार्टीला जायचं नसलं की आम्ही हेच करतो. मी तेच केलं, फक्त तीस-चाळीस बोटींसमोर.

रेडिओवर क्षणभर खरखर झाली. मग तो आवाज म्हणाला, "कॉपी दॅट, ओवी. टेल हर वी ऑल लव्ह हर."

वैशालीने गॅस बारीक केला. वळली नाही. ईशाने डोकं वर केलं. "बट बाबा, आई डझन्ट गेट…"

"ईशा," वैशाली म्हणाली, "दूध संपव."

त्या एका वाक्याने तिने मला वाचवलं आणि मी वाचलो. तेव्हाच पुन्हा माईक उचलायला हवा होता. तो माझ्या हाताच्या अंतरावर होता.

दिवसभर बायका येत राहिल्या. प्रत्येकीच्या डिंगीत काहीतरी होतं. आल्याच्या वड्या, आल्याची बिस्किटं, मळमळ होऊ नये म्हणून मनगटात घालायचे पट्टे, कानामागे लावायची औषधाची चकती. त्यांना वैशालीची खरीच काळजी वाटत होती. एकीने तिला मिठी मारून सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही. वैशाली सगळ्यांना थँक यू म्हणाली. सगळ्यांना चहा दिला. आल्याचे पुडे टेबलावर ओळीने साचत गेले. रूथ शेवटी आली. तिने काहीच आणलं नव्हतं. जानेवारीत आमची बोट परत येताना तिने पाहिली होती, सुकाणूवर कोण आहे तेही पाहिलं असणार. तिने वैशालीकडे पाहिलं, बराच वेळ. वैशालीने नजर खाली केली. मग रूथने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि गेली.

संध्याकाळी ते निघाले. निघणाऱ्या बोटींसाठी मागे राहिलेले शंख वाजवतात. वैशाली खाली होती. ईशाने शंख घेतला आणि वाजवला, रूथच्या बोटीचा दिवा वळणाआड जाईपर्यंत वाजवला. दशम्या आम्ही पुढचे तीन दिवस खाल्ल्या, जागच्या जागी.

मार्चमध्येही हवा आली आणि गेली. वैशालीने विचारलं नाही. ती स्वयंपाक करायची, ईशाला शिकवायची, पाणी आणायची. वारा बदलला तर आता बोलून दाखवायची नाही. मी रात्री उठलो तर ती जागी असायची, पण साखळी बघायला जायची नाही. एप्रिलमध्ये अटलांटाला कॉन्ट्रॅक्ट मिळालं. बोट किनाऱ्यावरच्या एका आवारात उचलून ठेवली, पुढच्या हिवाळ्यात येऊ म्हणून. पुढचा हिवाळा आला, त्याच्या पुढचाही.

अल्फारेटात आमच्या आजूबाजूला पुण्या-मुंबईची, नागपूरची मंडळी भरपूर. बोटीवर राहिलेलं मराठी कुटुंब म्हणून आमची चांगलीच प्रसिद्धी झाली. प्रत्येक पार्टीत कोणीतरी म्हणायचं, मिलिंद, सांग ना तो किस्सा. मी सांगायचो. मी चांगला सांगतो. हॅल इंजिन बघायला आला ते, मॅनेटीचं तोंड आत्यासारखं ते. आणि शेवटी, सगळी तयारी झालेली, समुद्र शांत, सगळं बंदर निघालंय, "आणि आमच्या नागपूरच्या राणीसाहेबांनी नांगर धरून ठेवला." हशा व्हायचा. नेमक्या त्या वेळी वैशाली बहुतेक चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत असायची. तीही हसायची. कोणी म्हणायचं, "वहिनी, अहो, एक रात्र काढायची होती कशीबशी." ती म्हणायची, "साखर कोणाला कमी?"

गेल्या वर्षी जेवताना ईशा एकदम म्हणाली, "बाबा, यू टेल इट रिअली वेल."

"काय?"

"द सीसिक स्टोरी." आणि ती पुन्हा जेवायला लागली. पंधरा वर्षांची होत आली आहे ती. माझ्याशी मराठीत बोलायचं तिने कधी बंद केलं ते मला आठवत नाही. आईशी अजून बोलते.

या वर्षी बोट विकली. ऑफिसात पुन्हा लोकांना घरी पाठवायला लागले आहेत, आणि तसंही तिथे जाणार कोण होतं. एका तरुण जोडप्याने घेतली. उन्हाळ्यात त्यांचा ईमेल आला, फोटो होता. बहामातल्या काचेसारख्या पाण्यावर आमची ‘ओवी’ उभी. पाणी इतकं स्वच्छ की खालच्या वाळूवर बोटीची सावली दिसत होती. मी वैशालीला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, हात पदराला पुसत स्क्रीनकडे वाकली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, निदान रडेल. तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "साखळी कमी सोडली आहे त्यांनी," आणि आत गेली.

परवाच्या रविवारी दुपारी शिरीषकडे फराळाला गेलो होतो. शिरीष माझ्याच ऑफिसातला, पुण्याचा, आणि मेधा त्याची बायको. त्यांच्याकडे एक नवीन जोडपं आलं होतं, महिन्याभरापूर्वीच भारतातून आलेलं. शिरीष त्यांना म्हणाला, "अरे, या मिलिंदकाकांनी बोटीवर संसार केलाय. मिलिंद, सांग रे यांना."

मी सांगायला लागलो. कुकर झाला, मॅनेटी झाली. फेब्रुवारीपर्यंत आलो. वैशाली समोरच बसली होती, चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत. नेहमीच्या ठिकाणी पोचलो आणि थांबलो. मला कसलं धैर्य वगैरे आलं होतं असं नाही. फोटो पाहिल्यापासून ते वाक्य तोंडात येईनासं झालं होतं, एवढंच.

मी म्हणालो, "हिच्यामुळे नाही राहिलं. हिला समुद्र कधीच लागला नाही. मी घाबरलो होतो. हिने बोट नेली असती. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

मग शिरीषने मांडीवर थाप मारली. "वा रे वा. वहिनी, बघा. एवढ्या वर्षांनी नवरा सुधारला. दिवाळीची ओवाळणी समजा ही."

मेधा म्हणाली, "किती गोड आहे. शिरीष, शीक जरा. सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं त्यांनी."

"अहो, खरंच सांगतोय मी."

"कळलं रे बाबा, कळलं," शिरीष म्हणाला, आणि सगळे आणखी हसले. ते नवीन जोडपंही हसलं. त्या मुलीने आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. मी वैशालीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने शेंगदाणे तोंडात टाकले आणि मेधाला विचारलं, चकलीची भाजणी घरची का.

परत येताना गाडी मी चालवत होतो. ईशा मागे कानात गाणी लावून बसली होती. मी म्हणालो, "आज सांगितलं मी."

"ऐकलं."

"कोणाला पटलं नाही."

"कसं पटणार. तूच शिकवलं आहे त्यांना." ती खिडकीबाहेर बघत होती. आवाजात राग नव्हता. "हॅल किती वेळा गेला होता रे पलीकडे?"

"दहा-बारा वेळा तरी."

"दर वेळी निघायच्या आधी त्याला उलट्या व्हायच्या. भीतीनं. रूथनं सांगितलं होतं मला. म्हणून तर ते कोणाला तरी सोबत घेऊन निघायचे. त्या वेळी आपल्याला घेणार होते."

मी गाडी चालवत राहिलो. सिग्नल आला, थांबलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. निघाल्यावर, रात्री. तू खाली पडला असता ना, तेव्हा. म्हटलं, तेवढंच बरं वाटेल तुला."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने माझ्या गुडघ्यावर हलकेच बोट टेकवून समोर दाखवलं, आणि म्हणाली, "चल."